विद्युत पिकअप वाहन (सातारा व सांगली जिल्हे)

विद्युत पिकअप वाहन म्हणजे डिझेल, पेट्रोल वा सीएनजीऐवजी बॅटरीत साठवलेल्या विजेवर चालणारे, मागे मालासाठी हौदा असलेले हलके चारचाकी मालवाहू वाहन होय. पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत दूध, भाजीपाला, स्ट्रॉबेरी, द्राक्षे, बेदाणा, हळद, किराणा आणि बांधकाम साहित्य यांची जवळच्या अंतरावरील वाहतूक बहुतांशी लहान मालवाहू वाहनांतून होते. या कामासाठी विद्युत वाहन हा अलीकडचा पर्याय आहे. त्याची खरेदीची किंमत अधिक आणि चालविण्याचा खर्च कमी असतो. त्यामुळे ते लाभाचे ठरेल की नाही, हे रोजचे अंतर, रस्त्याचा चढउतार, मालाचे वजन आणि रात्री घरी मिळणारी वीज या चार गोष्टींवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात अशा वाहनाची निवड, चार्जिंग, चालन, देखभाल आणि पूरकाळातील काळजी यांची माहिती दिली आहे.

## संज्ञा

महाराष्ट्रात ‘पिकअप’ हा शब्द साधारणपणे अर्धा ते दोन टन माल वाहणाऱ्या, उघड्या हौद्याच्या व्यावसायिक वाहनासाठी वापरला जातो. मे २००५ मध्ये बाजारात आलेले टाटा एस हे त्याहून लहान वाहन ग्रामीण भागात ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेत पिकअप हे बऱ्याच अंशी खासगी वापराचे मोठे वाहन असते. रिव्हियन आर१टी (२०२१) आणि फोर्ड एफ-१५० लाइटनिंग (२०२२) ही तेथील विद्युत पिकअपची उदाहरणे होत. भारतातील विद्युत पिकअप आकाराने, किमतीने आणि हेतूने त्यांच्यापासून वेगळी आहे. ती मुख्यत्वे भाड्याने वा स्वतःच्या धंद्यासाठी माल वाहण्याकरिता घेतली जाते.

## पार्श्वभूमी

विजेवरील लहान वाहनांच्या संशोधनाशी सातारा जिल्ह्याचा जुना संबंध आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने (नारी) अनिल राजवंशी यांच्या नेतृत्वाखाली सुधारित सायकलरिक्षा, मोटरचे साहाय्य असलेली सायकलरिक्षा आणि ‘इलेक्शा’ ही बॅटरीवर चालणारी रिक्षा विकसित केली. या कामाचा वृत्तांत २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटऱ्या वापरल्या जात. त्या जड असल्याने वाहनाच्या वजनवाहू क्षमतेचा बराच भाग बॅटरीच खात असे.

लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्यानंतर चारचाकी मालवाहू वाहनांना ही पद्धत परवडू लागली. टाटा मोटर्सने मे २०२२ मध्ये एस ईव्ही सादर केली. तिची बॅटरी २१.३ किलोवॉट-तास क्षमतेची, मालवाहू क्षमता ६०० किलोग्रॅम आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. २०२४ मध्ये तिची एक टन माल वाहणारी आवृत्ती आली. महिंद्रा समूहाची झीओ ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर टाटांची तुलनेने स्वस्त एस प्रो ईव्ही जून २०२५ मध्ये बाजारात आली. ऑयलर मोटर्स, अशोक लेलँड समूहातील स्विच मोबिलिटी आणि मुरुगप्पा समूहातील मोंत्रा इलेक्ट्रिक यांचीही या वर्गात वाहने आहेत.

## रचना

विद्युत पिकअपमध्ये इंजिन, क्लच, सायलेन्सर, डिझेलची टाकी आणि बहुपायरी गिअरबॉक्स नसतो. त्यांच्या जागी पुढील भाग असतात :

- मुख्य बॅटरी : चासीच्या दोन लांब पट्ट्यांमध्ये बसवलेली उच्च दाबाची पेटी. या वर्गातील अनेक वाहनांत लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. ती अन्य लिथियम बॅटऱ्यांपेक्षा वजनाने अधिक, पण उष्णतेपुढे अधिक स्थिर असते.
- मोटर व कंट्रोलर : कंट्रोलर बॅटरीतील एकदिश वीजप्रवाहाचे नियमन करून तो मोटरला पुरवतो. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण ओढ देते.
- बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा : प्रत्येक घटाचा दाब व तापमान तपासून गरज पडल्यास चार्जिंग वा वेग मर्यादित करते.
- बारा व्होल्टची लहान बॅटरी : दिवे, भोंगा, वायपर आणि नियंत्रण यंत्रणा हिच्यावर चालतात. ही उतरली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही वाहन सुरू होत नाही.
- रिजनरेटिव्ह ब्रेक : उतारावर वा वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी फिरते आणि काही वीज बॅटरीत परत जाते.

उच्च दाबाच्या वायरींवर नारिंगी आवरण असते. या वायरींना अधिकृत तंत्रज्ञाखेरीज कोणीही हात लावू नये.

## प्रदेशाची वैशिष्ट्ये

दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना भूरचना व हवामान झपाट्याने बदलते, आणि त्यानुसार वाहनावर येणारा ताणही बदलतो.

सह्याद्रीलगतचे महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळा हे तालुके घाटरस्त्यांचे व मुसळधार पावसाचे आहेत. येथे चढावर वीज अधिक खर्च होते आणि ओलाव्यामुळे ब्रेक, जोडण्या व चासी गंजते. कृष्णाकाठचे कराड, वाळवा, पलूस आणि मिरज हे तालुके सपाट व दाट वस्तीचे आहेत. गावे जवळजवळ असल्याने ठरलेल्या फेऱ्यांसाठी हा पट्टा विद्युत पिकअपला सर्वांत अनुकूल आहे. मात्र येथे महापुराचा धोका असतो. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. तेथे अंतरे मोठी, उन्हाळा कडक आणि सार्वजनिक चार्जिंगची सोय विरळ आहे.

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग ४८ (पूर्वीचा ४) शिरवळ, सातारा, कराड आणि पेठ नाका असा या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. द्रुतगती चार्जरची सोय प्रामुख्याने या महामार्गालगत आढळते.

## खरेदीपूर्व विचार

### पल्ला

जाहिरातीतील पल्ला ठराविक चाचणीपद्धतीनुसार मोजलेला असतो. पूर्ण माल, चढ, महामार्गावरील वेग आणि समोरचा वारा यांमुळे प्रत्यक्षातील पल्ला त्याहून कमी भरतो. नियोजनासाठी प्रमाणित आकड्याच्या दोन-तृतीयांश पल्ला धरणे आणि त्यातही पंधरा ते वीस टक्के वीज राखीव ठेवणे सुरक्षित असते. या हिशेबाने १५४ किलोमीटर प्रमाणित पल्ल्याच्या वाहनावर दिवसाला ८० ते ८५ किलोमीटरची निर्धास्त फेरी बेतता येते.

सांगली-तासगाव, सातारा-कोरेगाव किंवा मिरज-कुपवाड परिसरातील फेऱ्या या मर्यादेत सहज बसतात. साताऱ्याहून पुण्याच्या मार्केट यार्डात जाऊन त्याच दिवशी परत येण्यासाठी वाटेत चार्जिंग करणे भाग पडते. सांगली-पुणे किंवा महाबळेश्वर-मुंबई अशा फेऱ्या नेहमीच्या असतील, तर सध्याची लहान विद्युत पिकअप त्या कामाची नव्हे.

खरेदीपूर्वी सध्याच्या वाहनाची महिनाभराची नोंद ठेवणे उपयुक्त असते. तारीख, मार्ग, किलोमीटर, वजन आणि मुक्कामाचे ठिकाण एवढे रकाने पुरतात. निर्णय सरासरीवरून न घेता सर्वांत लांबच्या दिवसांवरून घ्यावा. महिन्यात असे एक-दोनच दिवस येत असतील, तर त्या दिवसांपुरते भाड्याचे वाहन घेणे परवडू शकते.

### भार

नोंदणीपुस्तकात दिलेले वजन ही कायद्याची तसेच यंत्राची मर्यादा आहे. ऊस, वाळू, वीट आणि द्राक्षांचे क्रेट वाहताना ती ओलांडण्याची सवय डिझेल वाहनांच्या काळापासून रुळली आहे. विद्युत वाहनात जादा भारामुळे पाटे व टायर यांबरोबर मोटर आणि बॅटरीही तापते. तापमान वाढल्यास यंत्रणा आपोआप ओढ कमी करते, आणि भरलेले वाहन चढावर मंदावते.

### आर्थिक हिशेब

पुढील उदाहरण केवळ रीत दाखवण्यासाठी आहे. वाचकाने आपल्या बिलांवरील आकडे घालून ते पुन्हा करावे. रोज ८० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस, म्हणजे २४,००० किलोमीटर धावणारे वाहन गृहीत धरू. एक किलोवॉट-तास म्हणजे विजेचे एक युनिट.

- वीज : एका युनिटमागे ५ किलोमीटर, चार्जिंगमधील घट १० टक्के आणि युनिटचा दर १० रुपये धरल्यास किलोमीटरला सुमारे २.२० रुपये.
- डिझेल : लिटरला १५ किलोमीटर आणि लिटरचा दर ९० रुपये धरल्यास किलोमीटरला ६ रुपये.
- फरक : किलोमीटरला सुमारे ३.८० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ९१,००० रुपये.

हेच वाहन रोज ४० किलोमीटर धावले तर बचत निम्म्यावर येते. सर्व चार्जिंग बाहेर, २० रुपये युनिट दराने करावे लागले, तर किलोमीटरला सुमारे ४ रुपये खर्च होऊन वार्षिक बचत ४८,००० रुपयांच्या आसपास उरते. या बचतीशी दोन वाहनांच्या किमतीतील फरक आणि त्या फरकावरील व्याज यांची तुलना करावी. उभे राहणारे विद्युत वाहन काहीही वाचवत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो. लहान व्यावसायिकांना मालवाहू वाहनासाठी प्रधानमंत्री मुद्रा योजनेखाली बँकेकडून कर्ज मिळू शकते.

## नोंदणी, परवाना व विमा

सातारा (एमएच-११), कराड (एमएच-५०) आणि सांगली (एमएच-१०) येथील परिवहन कार्यालयांत या वाहनांची नोंदणी होते. व्यावसायिक विद्युत वाहनाची पाटी हिरवी आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. खासगी विद्युत वाहनाच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात.

केंद्र शासनाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार बॅटरीवर चालणाऱ्या वाहतूक वाहनांना परमिट घ्यावे लागत नाही. ऑगस्ट २०२१ पासून त्यांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्कही माफ आहे. पीयूसी प्रमाणपत्राची गरज नसते. योग्यता प्रमाणपत्र मात्र आवश्यक असते : वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे वाहतूक वाहन चालवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे पिकअपसाठी वेगळ्या परवान्याची गरज पडत नाही.

विद्युत वाहनांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतील (ऑक्टोबर २०२४) ट्रकसाठीचे अनुदान साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या वाहनांसाठी आहे, म्हणून लहान पिकअप त्यात बसत नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मोटार वाहन करातील माफीसह विविध सवलती आहेत. खरेदीच्या दिवशी प्रत्यक्षात लागू असलेली सवलत विक्रेत्याकडून लेखी घ्यावी. विद्युत वाहनाला सर्वत्र पथकर माफ असतो, असा एक समज आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्गासाठी दिलेल्या माफीत मालवाहू वाहनांचा समावेश नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील आनेवाडी व तासवडे हे पथकर नाके त्या माफीच्या कक्षेत येत नाहीत.

विद्युत मालवाहू वाहनांना त्रयस्थ पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट जून २०२२ पासून लागू झाली. केवळ त्रयस्थ पक्ष विमा घेतल्यास पुरात वा आगीत झालेल्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. बॅटरी हा वाहनातील सर्वांत महाग भाग असल्याने सर्वसमावेशक विमा घ्यावा. त्यात बॅटरी, चार्जर व पाणी शिरून होणारे नुकसान अंतर्भूत आहे का, हे अटी वाचून तपासावे.

## चार्जिंग

### घरची जोडणी

लहान पिकअपसोबत बहुधा १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा सुमारे ३ किलोवॉटचा चार्जर मिळतो. त्यावर २१ किलोवॉट-तासांची बॅटरी पूर्ण भरण्यास सात ते आठ तास लागतात. चार्जर हा तासन्‌तास सलग पूर्ण भार ओढणारा असल्याने जुन्या वाड्यातील वा गोठ्यातील वायरिंग त्यासाठी पुरेसे नसते. पुढील व्यवस्था परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावी :

- मीटरपासून थेट, स्वतंत्र, किमान ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर.
- स्वतंत्र एमसीबी आणि गळतीचा प्रवाह तोडणारे आरसीसीबी.
- चांगले अर्थिंग. खडकाळ जमिनीत व उन्हाळ्यात त्याचा रोध वाढतो, म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मोजणी करावी.
- सॉकेटवर पाऊस व ऊन लागणार नाही असे छप्पर. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

सॉकेट वा प्लग हाताला गरम लागत असेल तर जोडणी सैल आहे असे समजून चार्जिंग थांबवावे. ग्रामीण भागात सायंकाळी विजेचा दाब कमी होतो. अशा ठिकाणी रात्री दहा-अकरानंतर चार्जिंग सुरू होईल अशी वेळ लावणे सोयीचे असते.

### मीटर व वीजदर

वरील उदाहरणातील वाहनाला महिन्याला सुमारे ४४० युनिटे लागतात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढत जातात. त्यामुळे घरच्या मीटरवर चार्जिंग केल्यास वाहनाबरोबर घरची वीजही वरच्या टप्प्यात ढकलली जाते. म्हणून मंजूर भार वाढवून घेणे किंवा विद्युत वाहन चार्जिंगच्या वर्गवारीत वेगळे मीटर घेणे, या दोहोंचा हिशेब आधीच मांडावा. घराच्या छपरावर सौर संच असल्यास त्याचा लाभ नेट मीटरिंगमधून मिळतो. कारण ऊन असते तेव्हा वाहन सहसा रस्त्यावर असते.

शेतीपंपाच्या जोडणीवरून वाहन चार्ज करू नये. ज्या कारणासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कारणासाठी ती वापरणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची दंडात्मक आकारणी होते. शिवाय त्या वाहिनीवरील दाबातील चढउतार चार्जरला घातक असतात.

### सार्वजनिक चार्जिंग

द्रुतगती चार्जर वापरण्यापूर्वी वाहनाला सीसीएस-२ प्रकारचा जोड आहे का, हे पाहावे. सर्वच लहान वाहनांत तो नसतो. नाशवंत माल घेऊन निघताना वाटेतील एकाच चार्जरवर विसंबू नये. तो बंद असल्यास गाठता येईल असा दुसरा चार्जर हेरून ठेवावा.

## घाटातील चालन

वाई ते पाचगणी हा पसरणी घाटाचा सुमारे १२ किलोमीटरचा रस्ता विद्युत पिकअपचे गणित समजण्यासाठी चांगले उदाहरण आहे. दोन्ही गावांच्या उंचीतील फरक पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. मालासह दोन टन वजनाचे वाहन एवढे वर उचलण्यासाठी भौतिकशास्त्राच्या नियमानुसार ३.१ युनिटे ऊर्जा लागते. यंत्रणेतील घट धरता हा आकडा साडेतीन युनिटांच्या पुढे जातो. त्यात सपाट रस्त्यावरही झाला असता असा सुमारे अडीच युनिटांचा खर्च मिळवला, तर एकूण सहा युनिटे होतात. म्हणजेच घाटातील १२ किलोमीटर सपाटीवरच्या ३० किलोमीटरांएवढे पडतात.

उतरताना यांतील काही वीज परत मिळते. पूर्ण भाराने हाच घाट उतरताना साधारण एक ते सव्वा युनिट बॅटरीत जमा होऊ शकते. या भागात माल बहुधा वरून खाली येतो : महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी भरून उतरते आणि वाहन रिकामे वर चढते. ही स्थिती विद्युत वाहनाला अनुकूल आहे. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. वर मुक्काम असल्यास सकाळी बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज सामावत नाही, यंत्रणा रिजनरेटिव्ह ब्रेक बंद वा क्षीण करते, आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. लांब उतारावर असे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. वरून निघताना बॅटरी ८० ते ८५ टक्के असणे योग्य ठरते.

हाच नियम कराड-चिपळूण मार्गावरील कुंभार्ली घाट आणि मेढा-महाबळेश्वर मार्गावरील केळघर घाट येथेही लागू पडतो. उतारावर वाहन न्यूट्रलमध्ये टाकू नये. त्यामुळे वीजही परत मिळत नाही आणि ताबाही सुटतो. महामार्गावर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास राखल्यास पल्ला लक्षणीय वाढतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो.

## बॅटरीची निगा

बॅटरीचे आयुष्य मुख्यतः उष्णता, अतिखोल उतरण आणि दीर्घकाळ टोकाच्या पातळीवर पडून राहणे यांमुळे घटते.

- रोजच्या वापरात पातळी २० टक्क्यांखाली जाऊ न देणे हितावह असते.
- लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा दाब मधल्या पातळ्यांत जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे दर्शकावरील टक्केवारी हळूहळू चुकू लागते. निर्मात्याने सांगितलेल्या अंतराने पूर्ण चार्ज केल्यास ती पुन्हा जुळते. निकेलयुक्त बॅटरीला मात्र नित्य शंभर टक्के भरणे मानवत नाही. आपल्या वाहनात कोणती बॅटरी आहे, हे पुस्तिकेत पाहावे.
- उन्हाळ्यात दुपारच्या फेरीनंतर लगेच चार्जिंग न लावता वाहन तासभर सावलीत उभे करावे. आटपाडी-जत भागात साधी पत्र्याची शेडही उपयोगी पडते. मात्र ती हवेशीर असावी.
- हंगाम संपल्यावर वाहन महिना-दोन महिने उभे राहणार असेल, तर बॅटरी सुमारे ५० टक्क्यांवर ठेवून दर पंधरा दिवसांनी पातळी तपासावी. बारा व्होल्टच्या बॅटरीकडेही लक्ष द्यावे.
- द्रुतगती चार्जर गरजेपुरता वापरावा.

मुख्य बॅटरीवर निर्माते साधारणपणे सात वर्षांपर्यंतची वा ठराविक किलोमीटरपर्यंतची हमी देतात. वेळेवर न केलेली तपासणी, अनधिकृत दुरुस्ती, बदललेले वायरिंग वा पाण्यात बुडणे यांमुळे ही हमी रद्द होऊ शकते. म्हणून सेवेची प्रत्येक पावती जपून ठेवावी.

## नियमित देखभाल

इंजिन ऑइल, डिझेल फिल्टर आणि क्लच प्लेट यांचा खर्च या वाहनाला नसतो. तरीही ‘विद्युत वाहनाला देखभाल लागत नाही’ हे विधान चुकीचे आहे.

- ब्रेक : रिजनरेटिव्ह ब्रेकमुळे लायनर कमी झिजतात, पण कमी वापरामुळे ड्रम व सिलिंडर गंजून अडकू शकतात. पावसाळ्यानंतर ते उघडून साफ करावेत.
- टायर : मोटरची ओढ एकदम येत असल्याने मागील टायर लवकर झिजतात. हवेचा दाब आठवड्यातून एकदा तपासावा. हवा कमी असल्यास पल्लाही घटतो.
- पाटे, बुश व बेअरिंग : कच्चे रस्ते आणि ऊसतोडीच्या काळातील खड्डे यांचा फटका यांनाच बसतो. ग्रीसिंग व बोल्ट आवळणे डिझेल वाहनाप्रमाणेच करावे.
- शीतक व गिअर ऑइल : ज्या वाहनात द्रवशीतकरण आहे तेथे शीतकाची पातळी, तसेच गती कमी करणाऱ्या गिअरपेटीतील तेल ठरलेल्या वेळी पाहावे.
- वायरी : गोदामात वा पिकाजवळ उभ्या राहणाऱ्या वाहनाच्या वायरी उंदीर कुरतडतात. फाटलेली नारिंगी वायर चिकटपट्टीने गुंडाळून वापरू नये.
- धुणे : जोरदार फवारा बॅटरीच्या जोडण्या, मोटर वा चार्जिंगच्या तोंडावर थेट मारू नये.

हौद्याला जाळी, कठडा वा वाढीव उंची वेल्डिंग करून घेण्याची पद्धत सर्वत्र आढळते. विद्युत वाहनावर असे वेल्डिंग केल्यास प्रवाह व उष्णता नियंत्रण यंत्रणेत शिरून ती जळू शकते. काम अटळ असल्यास अधिकृत केंद्रात उच्च दाबाची जोडणी तोडून घ्यावे. नोंदणीतील तपशिलाहून वेगळे फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निषिद्ध आहेत.

## पावसाळा व महापूर

चाचणी झालेल्या बॅटरीपेट्या पाणी व धूळ यांपासून संरक्षित असतात, म्हणून पावसात वाहन चालविणे वा छपराखाली चार्ज करणे सुरक्षित आहे. मात्र हे संरक्षण मर्यादित खोली व वेळेपुरतेच असते. ओढ्यावरून पाणी वाहत असेल तर वाहन त्यात घालू नये.

कृष्णा व वारणा नद्यांच्या २००५, २०१९ आणि २०२१ मधील महापुरांत सांगली परिसराचे मोठे नुकसान झाले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नदीकाठच्या मालकाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

- चार्जिंगचा सॉकेट व मीटर घरावरील पूररेषेच्या खुणेच्या वर बसवावेत.
- पाणी इशारा पातळीकडे सरकू लागताच वाहन पूर्ण चार्ज करून उंच जागी हलवावे. पुराच्या काळात वीजपुरवठा खंडित केला जातो, म्हणून चार्जिंग आधीच उरकावे.
- बुडालेले वाहन पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहू नये आणि चार्जिंगला लावू नये. बाहेरून कोरडे दिसले तरी आतील ओलाव्यामुळे काही दिवसांनंतरही बॅटरी पेट घेऊ शकते.
- असे वाहन घर, गोठा व कडब्याच्या गंजीपासून दूर, मोकळ्या जागी ठेवून छायाचित्रे काढावीत आणि विमा कंपनी व सेवा केंद्राला कळवावे. ते दोराने ओढत न नेता चारही चाके उचलून न्यावे, कारण चाके फिरल्यास मोटर वीज निर्माण करते.

## आग व अपघात

२०२२ मध्ये देशात विद्युत दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्या. त्यानंतर बॅटरीसुरक्षेची मानके कडक करण्यात आली. चारचाकींना एआयएस-०३८ चे दुसरे सुधारित मानक लागू आहे. बॅटरीतून सुंऽसुं आवाज, गोडसर रासायनिक वास वा पांढरा धूर येत असल्यास चालकाने वाहन मोकळ्यावर थांबवून उतरावे, लोकांना दूर ठेवावे आणि ११२ वा १०१ क्रमांकावर कळवताना ‘वाहन विजेचे आहे’ हे आवर्जून सांगावे. माल वाचवण्यासाठी परत हौद्यात चढू नये. बॅटरीची आग विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकू शकते.

## जुने वाहन व बॅटरीची विल्हेवाट

जुने विद्युत पिकअप घेताना किलोमीटरच्या आकड्यापेक्षा बॅटरीची उरलेली क्षमता महत्त्वाची असते. अधिकृत केंद्रातून तिचा लेखी अहवाल घ्यावा आणि पूर्ण चार्जवर माल भरून प्रत्यक्ष फेरी करून पाहावी. हमी नव्या मालकाकडे हस्तांतरित होते का, वाहनावर कर्जाचा बोजा आहे का, आणि ते पुरात बुडाले होते का, हे तपासावे. आसनाखालची माती, गंजलेले बोल्ट व ओलीचा वास या पुराच्या खुणा होत.

निकामी बॅटरी भंगारात विकू नये वा उघडू नये. बॅटरी अपशिष्ट व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती परत घेऊन तिच्या पुनर्चक्रीकरणाची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

## मर्यादा

तालुक्याच्या ठिकाणांपलीकडे उच्च दाबाच्या यंत्रणेचे प्रशिक्षित तंत्रज्ञ कमी आढळतात. गावातील गॅरेजमध्ये ब्रेक, टायर व पाट्यांचे काम होते. परंतु कंट्रोलर वा बॅटरीत बिघाड झाल्यास वाहन अधिकृत केंद्रात न्यावे लागते. सुटा भाग येईपर्यंत ते उभे राहिल्यास रोजगार बुडतो. यास्तव खरेदीपूर्वी सर्वांत जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे आणि वाहन उचलून नेण्याची सोय हमीत आहे का, हे विचारणे अगत्याचे असते.

वाहनाच्या नळीतून धूर निघत नसला, तरी राज्यातील बरीचशी वीज कोळशापासून तयार होते. पाटण तालुक्यात कोयना जलविद्युत प्रकल्प आणि वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या असल्या, तरी घरच्या सॉकेटमध्ये येणारी वीज संपूर्ण जाळ्यातील मिश्र वीज असते. गाव, बाजारपेठ आणि गोदामे यांमधील धूर व आवाज मात्र या वाहनांमुळे निश्चितपणे कमी होतो.